धम्मगिरीचं दहा दिवसांचं शिबिर: जाण्याआधी नाशिककरांनी काय माहीत करून घ्यावं

मुक्काम 11 रात्रींचा, बोलायला बंदी, फोन पहिल्याच दिवशी जमा, शेवटचं पोटभर जेवण सकाळी 11 वाजता, फी एक रुपयाही नाही. आणि परत येताना हातात ना अंगारा, ना गंडा, ना कानात फुंकलेला मंत्र. इगतपुरीच्या धम्मगिरीवरच्या, विपश्यना या ध्यानपद्धतीच्या शिबिराचं वर्णन एवढ्यात संपतं. तरी दर शिबिराला शेकडो माणसं येतात. त्यातली बरीच मात्र भलतंच काही घ्यायला आलेली असतात, म्हणून हे परीक्षण जरा पाल्हाळ लावून.

नाशिककराचा जीव कावला की उपाय हाताशी असतात. रविवारची तर्रीदार मिसळ, गंगापूर धरणाकडे एक फेरा, द्राक्षबागेत बसून वाइनचा पेला, अगदीच झालं तर एखाद्या रिसॉर्टमधलं शनिवार-रविवारचं ‘डिटॉक्स’. यात वाईट काही नाही. मिसळ मिसळीच्या जागी उत्तमच. पण सोमवारी द्वारका चौकात गाडी अडकली की तीच चिडचिड जागच्या जागी हजर असते. या शिबिराचा दावा निराळा आहे. चिडचिड शमवून देतो असं इथे कोणी म्हणत नाही. ती अंगात कशी उठते आणि कशी विरते, ते बघायला शिकवतो, एवढंच म्हणतात. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो न कळल्यामुळेच लोक दुसऱ्याच दिवशी सामान बांधायला घेतात.

या पद्धतीचा उगमच मुळी एका नकारात आहे. ही शिबिरं सुरू करणारे सत्यनारायण गोयंका 1924 मध्ये मंडालेला जन्मले, ब्रह्मदेशातल्या व्यापारी कुटुंबात. अर्धशिशीने ते इतके बेजार होते की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. परदेशांतले डॉक्टरही करून झाले होते. 1955 मध्ये ते विपश्यना शिकवणारे सयाजी (म्हणजे गुरुजी) ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे काही मठातले भिक्खू नव्हते. ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल, हिशेबाच्या कचेरीतले संसारी गृहस्थ. डोकेदुखीसाठी आलोय म्हटल्यावर त्यांनी गोयंकांना घ्यायलाच नकार दिला. मन निर्मळ करायचं असेल तर या, त्यात दुखणं गेलंच तर ते वरकड समजा, असा त्यांचा सूर होता. पुढे 14 वर्षं गोयंका तिथे शिकले, 1969 मध्ये भारतात आले आणि 1976 मध्ये धम्मगिरी सुरू झालं. 2013 मध्ये ते गेले, तरी आजही सगळ्या सूचना आणि रोजची प्रवचनं त्यांच्याच आवाजात, ध्वनिमुद्रित असतात. समोर बसलेले सहायक आचार्य शंका-समाधानापुरते.

थोडक्यात, या सेवेचा पायाच चुकीच्या कारणाने आलेल्या गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवण्यावर घातलेला आहे. रक्तदाब उतरावा, नवऱ्याचा राग जावा, मुलाचं अभ्यासात लक्ष लागावं, धंदा सावरावा असे हिशेब मनात धरून जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. आणि हे तर ठळक अक्षरांत लिहिण्यासारखं: मानसिक आजारावरची, रक्तदाबाची, मधुमेहाची, फिट्सची कुठलीही गोळी शिबिरासाठी बंद करू नका. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र नैराश्य असे आजार असतील तर केंद्र स्वतःच अर्जात विचारतं आणि बहुधा येऊ नका म्हणतं. ते ऐकावं. दिवसाचे दहा-अकरा तास तोंड बंद ठेवून स्वतःच्या मनाकडे बघणं हे नाजूक अवस्थेतल्या माणसाला औषध नसून ओझं ठरू शकतं. हे लपवून जाणारे स्वतःला फसवतात आणि शेजारच्या खोलीतल्या साधकालाही अडचणीत आणतात.

अर्ज ऑनलाइन भरायचा. त्यात प्रकृती, चालू औषधं, व्यसनं, आधी केलेल्या इतर साधना, रेकी वगैरे सगळं विचारतात. रेकीचा प्रश्न पाहून काही जणांचा इगो दुखावतो, पण कारण साधं आहे. दहा दिवस दुसरी कुठलीही पद्धत, मंत्रजप, पूजा, उपवास मिसळायचा नाही, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. याच कारणाने माळा, ताईत, गंडेदोरेही बाजूला ठेवायला सांगतात. सुट्ट्यांच्या मोसमात जायचं असेल तर दोन-तीन महिने आधी अर्ज करा. होकाराचा मेल आला म्हणजे काम झालं असं धरू नका. तारीख जवळ आली की पुन्हा एकदा पक्कं कळवायला सांगतात, आणि ते राहिलं तर जागा प्रतीक्षायादीतल्याला जाते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना यासाठी परावर्तित रजेची तरतूद आहे, तेव्हा आधी आस्थापना शाखेत विचारावं. किरकोळ रजा राखून ठेवायची गरज नाही.

नाशिककरांना दोन पर्याय आहेत. शहरात सातपूरच्या शिवाजीनगर भागात धम्म नासिका, आणि तासाभराच्या अंतरावर इगतपुरीला धम्मगिरी. शिकवण तीच, वेळापत्रक मिनिटागणिक तेच. फरक परिसराचा. धम्मगिरी मोठं आहे, गर्दी मोठी, आणि तिथल्या पॅगोडात शून्यागारं आहेत, म्हणजे एकट्याने बसायच्या छोट्या कोठड्या. नव्या साधकाला शून्यागार मिळेलच असं नाही, त्यामुळे त्यासाठी हट्ट नको. घराजवळच्या केंद्राचा एक तोटा मात्र आहे. पाचव्या दिवशी डोक्यात ‘घर तर वीस मिनिटांवर आहे’ हा विचार सुरू झाला की तो पिच्छा सोडत नाही. इगतपुरीत निदान पन्नासेक किलोमीटरचं अंतर मध्ये असतं.

जायला नाशिकरोडवरून रेल्वे किंवा महामार्ग बसस्थानकावरून मुंबईकडची बस. इगतपुरी स्टेशनवरून रिक्षा मिळते. वाटेत हायवेला लागूनच पांडवलेणी दिसतात. तिथे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्खूंचा निवास होता, दगडात कोरलेल्या बाकांसकट. त्यांच्यापेक्षा आपली गादी मऊ आहे, हे पुढच्या दहा दिवसांत अधूनमधून आठवावं.

सामानात लोक दोन टोकं गाठतात. एक तर लग्नाला निघाल्यासारख्या बॅगा, नाहीतर दोन जोड आणि टूथब्रश. सैल, पूर्ण बाह्यांचे पाच-सहा जोड लागतात. तंग लेगिंग्ज, बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत. पहाटे 4 ला उठायचं म्हणून गजराचं साधं घड्याळ आणि टॉर्च. चादर, शाल, कुलूप, बिनवासाचा साबण, डासांसाठी मलम, रोजची औषधं चिठ्ठीसकट. अत्तर नको, पुस्तक-वही-पेन नको. जून ते सप्टेंबरमध्ये जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इगतपुरीचा पाऊस नाशिकच्या पावसासारखा येऊन-जाऊन नसतो, तो ठाण मांडून बसतो. जाड जीन्स धुतली तर शिबिर संपेपर्यंत वाळत नाही. पातळ सुती किंवा चटकन वाळणारे कपडे, दोन टॉवेल, छत्री आणि रबरी चप्पल. डिसेंबर-जानेवारीत स्वेटर आणि कानटोपी, कारण पहाटे साडेचारच्या बैठकीत थंडी वाजली की मन श्वासावर राहत नाही, पांघरुणात राहतं.

याहून महत्त्वाची तयारी घरी करायची असते, आणि ती जवळजवळ कोणी करत नाही. पहिली, चहा. दिवसाला पाच-सहा कप पिणाऱ्याचं डोकं पहिल्या-दुसऱ्या दिवशी हमखास ठणकतं. लोक त्याला ‘मनातली घाण निघतेय’ असं भारदस्त नाव देतात. ते कॅफिन सुटल्याचं दुखणं असतं. आठ-दहा दिवस आधी रोज एकेक कप कमी करत दोनवर या. दुसरी, तंबाखू, मिसरी, सिगारेट. दारात उभं राहून शेवटचा झुरका मारणाऱ्याचे पहिले चार दिवस त्यातच जातात, म्हणून निदान दोन आठवडे आधी थांबावं. तिसरी, मांडी. रोज अर्धा तास जमिनीवर बसून पाहा. सोफ्यावर वाढलेल्या कमरेला अचानक दिवसाला पावणेअकरा तास दिले तर ती बोंब मारणारच.

वेळापत्रक असं. 4 ला घंटा, साडेचार ते साडेसहा साधना, मग नाश्ता. 8 ते 9 सामूहिक बैठक, 9 ते 11 साधना, 11 ला जेवण, दुपारी 1 पर्यंत विश्रांती. या वेळात आचार्यांना भेटून शंका विचारता येतात. 1 ते अडीच साधना, अडीच ते साडेतीन सामूहिक, 5 पर्यंत पुन्हा साधना. 5 ला चहा-दूध आणि काहीतरी हलकं. 6 ते 7 सामूहिक, 7 ते सव्वाआठ प्रवचन, 9 पर्यंत शेवटची बैठक, साडेनऊला दिवे बंद. सामूहिक बैठका हॉलमध्येच, चुकवायच्या नाहीत. शील पाच: हत्या नको, चोरी नको, ब्रह्मचर्य, खोटं नको, नशा नको. जुन्या साधकांना, म्हणजे आधी एक शिबिर पूर्ण केलेल्यांना, आठ, त्यात दुपारनंतर न खाणंही आलं. म्हणून 5 वाजता नवे साधक फळ खातात तेव्हा जुने लिंबूपाणी घेऊन बसतात. बायका-पुरुषांची राहण्या-जेवण्याची सोय पूर्ण वेगळी. नवरा-बायको एकत्र गेले तरी दहाव्या दिवसापर्यंत एकमेकांशी संपर्क नाही.

मौनाची लोकांना उगाच धास्ती असते. प्रत्यक्षात ते सगळ्यांत सोपं जातं, तिसऱ्या दिवसापासून बरंच वाटायला लागतं. खुणा आणि नजरानजरही टाळायची असते, कारण एका हसूची देवाणघेवाण झाली की मन तासभर त्यावर गोष्ट रचत बसतं. व्यवस्थेबद्दल काही अडलं तर धम्मसेवकाशी (शिबिरात सेवा देणाऱ्या स्वयंसेवकाशी) आणि साधनेबद्दल आचार्यांशी बोलायला पूर्ण मुभा आहे. पंख्याचा आवाज, पोट साफ न होणं, अंथरुणातला ढेकूण, जे असेल ते पहिल्याच दिवशी सांगावं. मौन आहे म्हणून सोसत बसणं हा मूर्खपणा.

पहिले साडेतीन दिवस आनापान, म्हणजे फक्त नैसर्गिक श्वासाकडे लक्ष. प्राणायाम नाही, श्वास लांबवायचा नाही, मोजायचा नाही, सोबत ‘ॐ’ही नाही. लक्ष ठेवायची जागा हळूहळू आवळत नेतात. आधी नाकाचा सगळा त्रिकोणी भाग, मग श्वासाचा स्पर्श जिथे होतो ती जागा, मग नाकपुड्यांखालची आणि वरच्या ओठावरची टिकलीएवढी जागा आणि तिथे जे काही जाणवेल ते. जागा लहान तेवढं मन बारीक होतं, हे त्यामागचं गणित. इथे होणारी ठरलेली चूक म्हणजे श्वास दिसेना झाला की मुद्दाम जोरात घेत राहणं. दोन-चार श्वास जोरात घेऊन पुन्हा सोडून द्यायचं असतं. सतत घेतलं तर छातीत भरून आल्यासारखं होतं आणि डोकं जड पडतं.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना देतात. डोक्याच्या टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत, एकेका भागातून लक्ष फिरवायचं आणि तिथली संवेदना जशी असेल तशी जाणायची. उष्ण, थंड, मुंग्या, खाज, दुखणं, घाम, कपड्याचा स्पर्श, काहीही. क्रम ठरलेला असतो, उड्या मारायच्या नाहीत. का, तर मन एक तर दुखऱ्या गुडघ्याकडे धावतं किंवा जिथे छान वाटतंय तिथे रेंगाळतं, आणि या दोन्ही सवयीच तर मोडायच्या आहेत. त्यानंतर रोज तीन बैठका अधिष्ठानाच्या: एक तास डोळे उघडायचे नाहीत, हात-पाय हलवायचे नाहीत.

सगळी शिकवण नाकाच्या शेंड्यावर उठलेल्या एका खाजेत बघायला मिळते. खाज येते, हात उठू बघतो, उठू द्यायचा नाही. खाज वाढते, असह्य होते, आणि मग कधीतरी कोणी काही न करता निघून जाते. ‘अनित्य’ हा शब्द प्रवचनात शंभरदा कानावर पडतो, पण तो पटतो तिथे, नाकावर. खाजवण्याने मिळतो तो दिलासा खराच असतो. फक्त प्रत्येक वेळी पुढच्या खाजेला हात उचलण्याची सवय एक इंच आणखी घट्ट होते. संध्याकाळी सहज उघडलेला फोन, भांडण झाल्यावर मागवलेलं खाणं, रात्रीचा पेग, यांचं यंत्र आतून असंच चालतं.

दुखण्याबद्दल जरा सावध राहा. माणसं उशांवर उशा रचून सिंहासन करतात आणि तिसऱ्या दिवशी पाठ धरते. खरी गरज असते ती कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी वर असण्याची. ती खाली राहिली की पाठीचा खालचा भाग पोक काढतो आणि स्नायू आखडतात. एक घट्ट उशी बुडाखाली, जमिनीला न टेकणाऱ्या गुडघ्याखाली पातळ घडी, बस्स. मांडीचे स्नायू दुखणं, पायाला मुंग्या येणं हे चालतं. गुडघ्याच्या सांध्यात सुरी खुपसल्यासारखी कळ आली, किंवा उठून दहा मिनिटं झाली तरी पाय बधिरच राहिला, तर अधिष्ठान-बिधिष्ठान सोडा आणि खुर्ची मागा. खुर्ची मिळते, आणि त्याने साधनेत काही उणं पडत नाही. प्रवचनात जुने संस्कार संवेदनांच्या रूपाने वर येतात असं सांगतात. ती त्या परंपरेची मांडणी आहे, हाडवैद्याचं निदान नव्हे. पन्नाशीतला झिजलेला गुडघा हा झिजलेला गुडघाच असतो.

दुसरा आणि सहावा दिवस पळून जाण्याचे. दुसऱ्या दिवशी नवलाई ओसरलेली असते आणि अजून आठ दिवस आहेत हा आकडा अंगावर येतो. सहाव्या दिवशी अंग अधिष्ठानाने आंबलेलं असतं. या दोन दिवशी कुठलाही निर्णय घ्यायचा नाही असं घरून ठरवूनच निघावं. जुन्या आठवणी, रडू, भलत्या वेळचा राग, हे मधल्या दिवसांत अनेकांना होतं आणि सरून जातं. सलग दोन रात्री अजिबात झोप नाही, छातीत धडधड थांबत नाही, आवाज ऐकू येतात किंवा आपण आपण नाही असं वाटतं, असं काही झालं तर मात्र आचार्यांकडे जाऊन स्पष्ट शब्दांत सांगायचं आणि बैठक थांबवायची. पाच मिनिटांच्या भेटीत ‘बघत राहा’ एवढंच उत्तर बऱ्याच प्रश्नांना पुरतं. याला पुरत नाही. तेव्हा डॉक्टर हवा, असं साधकाने आपणहून म्हणावं.

आता खरी मेख. सातव्या-आठव्या दिवसाच्या आसपास काही जणांना अंगभर बारीक लहरींचा एकसारखा प्रवाह जाणवतो. वेदना नाहीशी, शरीर हलकं, तास कसा गेला कळत नाही. इतक्या कष्टांनंतर मिळालेलं हे सुख मोठं गोड असतं, आणि तिथेच माणूस सापडतो. पुढच्या बैठकीत डोळे मिटल्या मिटल्या तो त्याच लहरी शोधायला लागतो. त्या येत नाहीत. गुडघा दुखतो, डावा खांदा दगडासारखा. मग दिवसभर खंत: सकाळी मिळालं होतं, आता हरवलं, आपलं काहीतरी चुकतंय. शेजारचा स्थिर बसलेला पाहून त्याला मिळालं असणार म्हणून असूया. जी तहान मोडायला आलो तीच तहान नवा सदरा घालून पुन्हा दारात उभी. फरक इतकाच की आता ती अध्यात्माच्या नावाने चालते, म्हणून ओळखू येत नाही. प्रवचनात याचा इशारा नेमक्या त्याच दिवसांत देतात, स्पष्ट शब्दांत देतात, तरी बहुतेकांच्या डोक्यावरून जातो.

वर्षानुवर्षं शिबिरं करणाऱ्यांतही असे भेटतात, दर वेळी ‘त्या’ बैठकीच्या शोधात आलेले. त्यांना शिबिर म्हणजे बारा महिन्यांनी मिळणारी एक घुटी. बाहेर मात्र रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून वाद तोच, सुनेशी अबोला तोच. प्रगतीचं माप लहरी नाही, समता आहे, हे गोयंकांनी पुन्हा पुन्हा सांगितलेलं. नकोशी संवेदना आली तेव्हा किती लवकर भानावर आलात, आणि हवीशी गेली तेव्हा किती कमी तळमळलात, एवढंच मोजायचं. त्या हिशेबाने गुडघेदुखीची बैठक ही लहरींच्या बैठकीहून कामाची ठरू शकते.

जेवण साधं, शाकाहारी, ताजं, मसाला बेताचा. कोल्हापुरी जिभेला फिकं वाटेल. चूक होते ती 11 च्या जेवणात. संध्याकाळी काही मिळणार नाही या भीतीने लोक दोन दिवसांचं एकदम भरतात, मग 1 ते अडीचची बैठक घोरण्यात जाते. पाऊण पोट जेवा. पहिल्या दोन संध्याकाळी भूक लागते, तिसऱ्या दिवशी पोट समजून घेतं. बसून बसून बद्धकोष्ठ होतं, त्यावर भरपूर पाणी आणि प्रत्येक सुट्टीत फेऱ्या. मधुमेहींनी वेळा आणि गोळ्यांचा मेळ आधी डॉक्टरांशी आणि मग केंद्राशी बोलून ठरवावा. रात्री काही खाण्याची गरज असेल तर ते सांगून होतं.

उणिवा. प्रवचनांत अणू-परमाणूंचे आणि विज्ञानाने सिद्ध झाल्याचे जे दाखले येतात ते सैल आहेत. विज्ञान शिकलेल्याने तिथे अडून बसू नये आणि न शिकलेल्याने ते घरी येऊन पाहुण्यांना सांगू नयेत. संथ लयीतलं पाली पठण काहींना पहिल्या दिवसापासून अंगाई वाटतं, काहींना दहाव्या दिवशीही खटकतं. संप्रदाय नाही असं सांगितलं जातं, आणि जात-धर्म विचारत नाहीत हे खरंच. पण पहिल्या संध्याकाळी त्रिरत्नाला, म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ यांना, शरण जाण्याचा विधी असतो, तो कसला हे आधी माहीत असलेलं बरं. ज्या जिल्ह्यात काळारामाचा सत्याग्रह झाला आणि 1935 ची बाबासाहेबांची येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली, तिथल्या कित्येक घरांत बुद्ध ओळखीचाच आहे. दुसऱ्या कित्येक घरांत ‘तिकडे गेला म्हणजे धर्म बदलला’ अशी कुजबुज होते. तसं काही नसतं. परत येऊन सोमवारी त्र्यंबकला जाणारे पुष्कळ आहेत. प्रवचनं मूळ हिंदी आणि इंग्रजीत, मराठी भाषांतर हवं असेल तर अर्जातच भाषा नोंदवावी आणि पोचल्यावर पुन्हा विचारावं.

पैशांचा व्यवहार स्वच्छ. ज्याने एक शिबिर पूर्ण केलंय त्याच्याकडूनच दान घेतात, तेही शेवटी, रक्कम न सांगता. आचार्यांना मानधन नाही, स्वयंपाकघरात वाढणारे बरेचसे जुने साधक. तुमचं जेवण आधी येऊन गेलेल्या कोणीतरी भरलेलं असतं. म्हणून ‘हॉटेलचे अकरा दिवस गुणिले इतके’ असा हिशेब करून पावती फाडू नये. पुढच्या कोणासाठी किती झेपेल ते द्यावं, किंवा नंतर दहा दिवस भांडी घासायला यावं.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याची साधना, शिकवतात आणि मौन सुटतं. हॉलबाहेर जो कलकलाट उठतो तो ऐकण्यासारखा. गप्पा मारा, पण कोणाला काय दिसलं याची तुलना करू नका, वर सांगितलेली मेख तिथे पुन्हा रुतते. अकराव्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास मोकळे.

घरी गेल्यावर रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा असं सांगतात. शिबिरात साधारण 100 तास बसणं होतं, म्हणजे घरी 50 दिवसांत तेवढंच पुन्हा होईल. न केलं तर दहा दिवसांची कमाई महिना-दीड महिन्यात गंजते, आणि या सेवेचा सगळ्यांत कच्चा दुवा इथेच आहे. तिकडे घंटा असते, इकडे कुकरची शिट्टी. सकाळचा तास नळाला पाणी यायच्या आणि दूधवाल्याच्या आधी उरकला तरच होतो. संध्याकाळचा तास कामावरून आल्या आल्या, चहाच्याही आधी. जेवणानंतर ढकलला की गेला. जागा रोज तीच, उशी उचलून ठेवायची नाही. दोन तास जमत नाहीत म्हणून शून्यावर येणारे सर्वाधिक. सकाळचा एक तरी धरून ठेवा. मन फारच खवळलं असेल तर आधी दहा मिनिटं आनापान, मग विपश्यना. आठवड्यातून एकदा सामूहिक बैठक गाठा, धम्म नासिकेत किंवा तुमच्या भागात कुठे भरते ते विचारून. जुन्या साधकांसाठी एक दिवसाची शिबिरं असतात, घसरलेली गाडी रुळावर आणायला ती चांगली. घरच्यांना मात्र पहिले सहा महिने काही शिकवू नका. ‘तू प्रतिक्रिया देतेयस, संवेदना बघ’ असं बायकोला सांगणाऱ्याचं काय होतं ते सांगायला नको.

फोन परत मिळतो तेव्हा अकरा दिवसांचे मेसेज एकदम कोसळतात, आणि रिक्षात बसेपर्यंत माणूस पुन्हा मूळ पदावर. त्यामुळे घरी ‘पोचतोय’ एवढा एक फोन करून तो बंद करा. घोटीचा टोलनाका मागे पडेपर्यंत खिडकीतून भातखाचरं बघा.